‘इतर’वाल्यांनी जायचं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतलं पीएच.डी.च्या संधींवरचं पान वाचलं, घडी घालून ठेवून दिलं, रात्री पुन्हा काढून वाचलं आणि आज लिहायला बसले. पान देखणं होतं, त्याबद्दल वाद नाही. डावीकडे भौतिकशास्त्र: कृष्णविवरं, मूलकण, क्वांटम संगणक. उजवीकडे वायरलेस कम्युनिकेशन: ५जी, ६जी आणि एका टॉवरचं चित्र. मधोमध वरपासून खालपर्यंत जाड काळी रेघ. माझं भांडण त्या रेघेशी आहे.

ही रेघ माझ्या चांगल्या ओळखीची आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर एका संस्थेची जाहिरात पाहून मी वायरलेसमधल्या पीएच.डी.साठी अर्ज भरायला घेतला. विषय होता, मिलिमीटर लहरी (जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी) काचेतून, भिंतीतून, झाडाच्या पानांतून जाताना किती क्षीण होतात त्याचं मापन. म्हणजे आमचा विद्युतचुंबकत्वाचा अख्खा पेपरच. ऑनलाइन फॉर्मात ‘पदवीची शाखा’ या रकान्यात चार पर्याय होते: विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार, संगणक, इतर. ‘इतर’ निवडलं की खालचं ‘पुढे जा’चं बटण करडं पडायचं. दुसरं काही निवडलं की लगेच निळं. तीनदा करून पाहिलं. मग तो ‘इतर’ ठेवला होता तरी कशाला? कार्यालयात फोन केला तर उत्तर आलं, “सिस्टीम घेत नाही ना, मॅडम.” शेवटी ज्यांचा प्रकल्प होता त्या प्राध्यापकांना मेल टाकला. त्यांचं उत्तर मुदत उलटून गेल्यावर आलं. त्यांना भौतिकशास्त्राचाच विद्यार्थी हवा होता. पात्रतेची अट कार्यालयानं जुन्या जाहिरातीतून जशीच्या तशी उचलली होती. पुढच्या वर्षी तीच जाहिरात पुन्हा आली, करड्या बटणासकट.

आता आपले लेखक सुचवतात की, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वायरलेसकडे वळण्याआधी नीट विचार करावा. सल्ल्याबद्दल आभार, फक्त तो सव्वाशे वर्षं उशिरा आला. जगदीशचंद्र बोस १८९५ च्या सुमारास मिलिमीटर लहरींवर प्रयोग करत होते, ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक असतानाच. त्यांना कुणी शाखा विचारली नाही, हे विज्ञानाचं नशीब. पेन्झियास आणि विल्सन या दोन अमेरिकी संशोधकांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असेल. बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेचा तो कर्ण्यासारखा अँटेना मुळात उपग्रहावरून परतणारे संदेश पकडायला बांधलेला. १९६४ मध्ये त्यात एक खरखर येऊ लागली ती जाईना. कबुतरं हाकलली, त्यांची घाण खरवडून काढली, तरी खरखर तिथेच. ती निघाली विश्वाच्या आरंभापासून उरलेली, आणि १९७८ चं नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं. आपल्या पानावर या दोघांना रेघेच्या कोणत्या बाजूला बसवणार होतात?

जुनं सोडा. आज काही प्रयोगशाळांत काचेच्या लहानशा कुपीत रुबिडियमची वाफ भरतात, लेझर टाकून तिच्यातले अणू उत्तेजित करतात आणि रेडिओ लहर आली की कुपीतून पार होणारा प्रकाश बदलतो. त्या बदलावरून लहर मोजतात. धातूची अँटेना नाहीच. हे अणुभौतिकी की दूरसंचार? किंवा हवामानशास्त्रज्ञ आणि मोबाइलवाल्यांमधला वाद घ्या. उपग्रह हवेतली वाफ २३.८ गिगाहर्ट्झला मोजतात आणि मोबाइलसाठीचा एक नवा पट्टा २४.२५ पासून सुरू होतो. शेजाऱ्याचा आवाज इकडे झिरपला तर हवामानाचा अंदाज बिघडेल, यावर २०१९ च्या जागतिक रेडिओ परिषदेत रणं माजली. संशोधनाला विषय हवाय ना? तो असल्या कुंपणावर मिळतो, आपण नेमकं तिथेच शाई सांडलीत.

मला पुढे दुसरीकडे प्रवेश मिळाला, पण रेघ काही सुटली नाही. पहिलं वर्ष कनेक्टर पान्यानं ‘टक’ आवाज होईपर्यंत आवळण्यात आणि उपकरण कॅलिब्रेट करण्यात गेलं. केबलला कोपर लागलं की फेज (लहरीच्या चढउताराची वेळ) हलायची आणि सकाळ वाया. भौतिकशास्त्राचे मित्र म्हणायचे, हा तर वायरमनचा धंदा. व्हायवाला एका परीक्षकांनी विचारलं, यात भौतिकशास्त्र कुठे आहे? दुसऱ्यांनी विचारलं, यात अभियांत्रिकी कुठे आहे? मी दोघांनाही तोच आलेख दाखवला: ६० गिगाहर्ट्झपाशी ऑक्सिजननं काढलेला उंचवटा, जिथे हवाच लहरीची किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल ताकद गिळून टाकते. एकाला त्यात रेणू दिसला, दुसऱ्याला तुटणारी लिंक. दोघांनीही सह्या केल्या.

या मुलांना खरोखर मदत करायची असेल तर पुढच्या वेळी ‘संधीच संधी’च्या जोडीला एवढं छापा: अर्जाआधी गाइडला थेट लिहा, पात्रतेच्या अटीत ‘समकक्ष’ हा शब्द आहे का ते पाहा, मापनाचं उपकरण प्रयोगशाळेचं स्वतःचं आहे की आठवड्यातून एक दिवस उसनं मिळतं ते विचारा, आणि प्रकल्पाचा निधी तिसऱ्या वर्षी संपला तर फेलोशिप कोण देणार हेही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं.

आपली,
एक वाचक (शाखा: इतर)

ता. क. उजव्या रकान्यात ‘२८ गिगाबाइटच्या लहरी’ असं छापलं आहे. ते गिगाहर्ट्झ हवं. हीच चूक मी मागच्या पत्रातही दाखवली होती; आपण पत्र छापलंत, पण नेमकं तेच वाक्य जागेअभावी गाळलंत.