फोकस लॉक नेमका कधी होतो?

संपादक महोदय,

शटरचे बटण अर्धे दाबले की फोकस लॉक होतो, म्हणजे साधलेल्या अंतरावरच स्थिर राहतो, असे डीएसएलआर कॅमेऱ्यांबद्दल सर्रास सांगितले जाते. ते एकदाच फोकस साधून थांबणाऱ्या सिंगल मोडपुरतेच खरे. कॅननवर तो ‘वन शॉट’, निकॉनवर ‘एएफ-एस’. सतत फोकस साधत राहणारा मोड, म्हणजे कॅननचा ‘सर्व्हो’ किंवा निकॉनचा ‘एएफ-सी’, चालू असेल, तर चौकट हलवताच फोकस मागच्या भिंतीवर सरकतो, चेहरा धूसर येतो आणि बिचाऱ्या लेन्सला बोल लागतो. यावर उत्तम उपाय म्हणजे मेनूतून फोकसचे काम शटरकडून काढून मागच्या ‘एएफ-ऑन’ बटणाकडे द्यावे. अंगठ्याने दाबले की फोकस, सोडले की तिथेच कायम. मात्र एफ/१.८ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप उघडे असताना, लॉक करून कॅमेरा फार फिरवू नये. फोकसचे प्रतल, म्हणजे स्पष्ट दिसणारा पातळ थर, तोही फिरतो आणि डोळे त्यातून निसटतात. तिथे डोळ्यावरचाच फोकस बिंदू निवडावा.

– एक छायाचित्रकार