करेक्शन नसलेला थिसिस

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पीएचडीच्या दर्जाबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून येत असतं, ते सगळं मी वाचतो. पण थिसिस खरोखर वाचून त्यावर शंका काढतो कोण, ही एक गोष्ट त्यात कधीच येत नाही म्हणून शेवटी मीच लिहायला बसलो. मी काही संशोधक वगैरे नाही, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलेला माणूस आहे. विद्यापीठाच्या गेटसमोर माझं टायपिंग, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. (गाव सांगत नाही, का ते पुढे कळेलच.) काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं, पाच कॉप्या, असे किती थिसिस माझ्या हातातून गेले त्याचा हिशोब नाही. आतलं मला सगळं कळतं असं नाही, पण गाईडने काय काय खोडलंय ते मात्र मी एकूण एक वाचतो, कारण ते दुरुस्त करून द्यायचं काम माझंच असतं ना!

तर एवढ्या वर्षांत माझ्या लक्षात आलंय की लाल पेन प्रत्येक विषयात वेगळं चालतं. गणितवाले तर माझ्याकडे टायपिंगला येतच नाहीत, ते लेटेक नावाच्या गणिताच्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतःच करून आणतात, मी फक्त प्रिंट मारतो, आणि त्यांच्या कॉपीवर सबंध पानाला मिळून एकच शेरा असतो, "हे कशावरून?" बास. पण त्या दोन शब्दांपायी एक पोरगा चार महिने गायब झालेला मी बघितलाय. केमिस्ट्रीवाल्यांच्या मार्जिनमध्ये "रिपीट करा" नाहीतर "ब्लँक घेतला होता का" (म्हणजे तपासायचा पदार्थ न घालता तोच प्रयोग करून बघितला का). इतिहासवाल्यांना "मूळ कागद पाहिला का, की दुसऱ्याचं वाचून लिहिलं". समाजशास्त्राच्या एक मॅडम आहेत त्यांचं ठरलेलं, "हे तुझं मत झालं, लोक काय म्हणाले ते लिही". आणि काही गाईड असे की अख्ख्या दोनशे पानांत एकही खूण नाही, शेवटच्या पानावर फक्त सही. विद्यार्थी खुश होऊन सांगतो, "काका, एकही करेक्शन नाही!" मी पण आधी अभिनंदन करायचो. आता करत नाही.

आमच्याकडे एक रिटायर्ड गणिताचे सर झेरॉक्सला येतात, चहा घेतात आणि मग तासभर बसतात. त्यांनी मला अँड्र्यू वाइल्स या गणितज्ञाची गोष्ट सांगितली. या माणसाने फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर, म्हणजे गणितातल्या एका जुन्या न सुटलेल्या कोड्यावर, सात वर्षं गुपचूप काम केलं, कुणाला पत्ता लागू दिला नाही, अगदी शेवटी निक काट्झ नावाच्या एका सहकाऱ्याला विश्वासात घेतलं आणि त्याला तपासता यावं म्हणून चक्क वर्गात लेक्चरांची मालिकाच लावली. विद्यार्थी हळूहळू गळाले, काट्झ मात्र बसून राहिला, आणि त्याला सगळं बरोबर वाटलं. मग जून १९९३ मध्ये केंब्रिजला जाहीर झालं, जगभर बातम्या आल्या. त्यानंतर तोच काट्झ रेफरी (छापायच्या आधी पेपर तपासणारा) म्हणून तेच सगळं कागदावर ओळ न ओळ वाचायला बसला, शंका आली की वाइल्सला ईमेल, उत्तर आलं की पुढची ओळ, असं करता करता ऑगस्टमध्ये एका शंकेला नीट उत्तरच मिळेना. पुराव्यात भोक! ते बुजवायला वर्षाहून जास्त वेळ गेला, रिचर्ड टेलर नावाच्या गणितज्ञाला सोबत घ्यावं लागलं, आणि १९९५ ला ते छापून आलं. सर म्हणाले की बघ, तोच माणूस, तेच गणित, ऐकताना चूक सुटली आणि कागदावर वाचताना सापडली. मला हे एकदम पटलं कारण प्रूफ वाचताना आमचं पण तसंच होतं, मोठ्याने वाचून दाखवलं की सगळं बरोबरच वाटतं.

आणि वाचणारा योग्य माणूस मिळालाच नाही तर काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे, तेही सरांनीच सांगितलं. दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म गोव्याचा, शिक्षण हार्वर्डचं, पुण्यात फर्ग्युसनला शिकवलं, मग मुंबईत टाटा इन्स्टिट्यूटला (मूलभूत संशोधनवाली, टीआयएफआर). लोक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतात पण मूळचे ते गणिताचे. आमच्याकडे कृषीच्या जेनेटिक्सची मुलं येतात, त्यांच्या थिसिसमध्ये "कोसंबी मॅपिंग फंक्शन" (जनुकं एकमेकांपासून किती लांब ते काढायचं सूत्र) मी कितीतरी वेळा टाईप केलंय आणि मला बरीच वर्षं वाटायचं की हा कुणी जपानी असेल, तर ते हेच कोसंबी, १९४४ चा पेपर, आजही चालतो. एवढा मोठा माणूस. पण १९५९ मध्ये त्यांनी रीमान हायपोथेसिस सुटल्यासारखा पेपर छापला, म्हणजे गणितातला सगळ्यात अवघड समजला जाणारा, तेव्हाच शंभर वर्षं जुना झालेला प्रश्न, आणि छापला कुठे तर कृषी संख्याशास्त्राच्या जर्नलमध्ये! तिथे तो कोण तपासणार? भात-गव्हाच्या प्लॉटचे आकडे बघणाऱ्यांचं ते काम नाही, त्यात त्यांचा काही दोष पण नाही. पुरावा टिकला नाही, त्यांच्या नावाला धक्का बसला, आणि पुढे १९६२ मध्ये टाटा इन्स्टिट्यूटची नोकरीही गेली (त्याची कारणं एकच नव्हती, पण सर म्हणतात की हे एक होतंच). मला सारखं वाटतं की त्यांना वेळेवर एखादा काट्झ भेटला असता, चहा पिता पिता "डीडी, हे कशावरून?" विचारणारा, तर चूक घरातल्या घरात राहिली असती.

अर्थात विचारणारा भेटला तरी ऐकून घेणारा पण पाहिजे. आइन्स्टाईनसारखा माणूस चिडला होता. १९३६ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी रोझेनने अमेरिकेतल्या फिजिकल रिव्ह्यू या जर्नलला पेपर पाठवला की गुरुत्वीय लहरी (गुरुत्वाकर्षणाच्या, अवकाशात पसरणाऱ्या लहरी) नसतातच. संपादकाने तो एका रेफरीकडे दिला, रेफरीने लांबलचक शंका लिहून पाठवल्या. आइन्स्टाईनचं म्हणणं, मी छापायला दिला होता, छापायच्या आधी कुणाला दाखवायला नाही, आणि पेपर परत घेतला. गंमत अशी की तो रेफरी, रॉबर्टसन त्याचं नाव, काही महिन्यांनी आइन्स्टाईनच्याच प्रिन्स्टनला होता, त्याने आइन्स्टाईनच्या असिस्टंटशी दोस्ती केली आणि तीच चूक गप्पा मारता मारता दाखवून दिली, आपणच रेफरी होतो हे न सांगता. १९३७ ला पेपर दुसरीकडे छापून आला तेव्हा निष्कर्ष पूर्ण उलटा झाला होता. रेफरी कोण होता ते जर्नलच्या जुन्या नोंदवहीवरून कितीतरी वर्षांनी पक्कं झालं. आज त्याच लहरी पकडायला आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय, केंद्राने २०२३ मध्ये २६०० कोटी मंजूर केले. म्हणजे रॉबर्टसनने तेव्हा तोंड बंद ठेवलं असतं तर... असो, कुणीतरी दुसऱ्याने चूक काढलीच असती म्हणा, पण मला ती गप्पांची आयडिया फार आवडली. आमच्याकडे पण काही गाईड थेट बोललेलं चालत नाही असे आहेत, त्यांची चूक विद्यार्थी बिचारे अशीच फिरवून फिरवून दाखवतात.

प्रयोगवाल्यांचं बरं असतं, मशीनच बोलतं. २०११ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून इटलीत ७३० किलोमीटरवर पाठवलेले न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले असं मोजमाप आलं होतं. आइन्स्टाईनच्या म्हणण्याप्रमाणे प्रकाशापेक्षा वेगवान काही नसतं, तरी त्या लोकांनी "आइन्स्टाईन चुकला" अशी दवंडी नाही पिटली, आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा असं जगाला सांगितलं. पुढच्या वर्षी निघालं काय, तर एक फायबरची केबल नीट बसली नव्हती. आमच्या दुकानातला प्रिंटर पण बंद पडला की मी आधी केबल बघतो.

संस्कृतवाल्यांचं वेगळंच. तिथे केबल नाही आणि पुरावा पण नाही, शेकडो पोथ्या आणि प्रत्येकीत वेगळा पाठ. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती (पोथ्या ताडून पाठ ठरवलेली) करायला घेतली १९१९ मध्ये, आणि १९२३ ला संपादक उटगीकरांनी विराटपर्व तयार केलं ते "तात्पुरतं" म्हणून छापलं आणि देशातल्या, युरोप-अमेरिकेतल्या पंडितांना पाठवून दिलं, तुमचं काय म्हणणं ते कळवा म्हणून. म्हणजे एक पर्व निव्वळ शेरे गोळा करण्यासाठी! नंतर १९२५ मध्ये मुख्य संपादक म्हणून सुकथनकर आले, ते मूळचे केंब्रिजला गणित शिकलेले, त्यांनी कामाची पद्धत घट्ट बसवली. प्रत्येक पानावर वर संहिता आणि खाली सगळे पाठभेद, म्हणजे ज्याला पटणार नाही त्याला भांडायचा मुद्देमाल त्याच पानावर तयार. परदेशातल्या टीकाकारांना त्यांनी लेख लिहून उत्तरं दिली. काम पूर्ण झालं १९६६ ला, ते स्वतः १९४३ मध्येच गेले होते. एका संस्कृतच्या बाईंनी मला ते पान झेरॉक्स करताना दाखवलं, वर चार ओळी श्लोक आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात अर्धं पान भरून तळटीपा. टायपिंगवाला म्हणून मी हात जोडले.

इतिहासात तर उत्तर यायला पिढ्या जातात. शिवाजी महाराजांची जन्मतारीख घ्या. टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांच्या तारखांची जुनी नोंद) उजेडात आणली, त्यात फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, तोपर्यंत वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९ धरायचे. मग वाद, लेख, प्रतिलेख, सरकारची समिती १९६६ ला, आणि सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ठरवली २००१ साली. तरी तिथीवाले आणि तारीखवाले अजून वेगळे आहेतच. तिथे मी पडत नाही.

पण मला सगळ्यात जास्त पटतो तो शेरा म्हणजे ज्याच्यावर संशोधन चाललंय त्यानेच मारलेला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दवाखाना बांधायच्या आधी आदिवासींना विचारलं, तर लोकांना मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटायची, मग दवाखाना झोपड्यांच्या गावासारखा बांधला आणि नाव दिलं माँ दंतेश्वरी. त्याच गडचिरोलीतलं नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचं काम १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. आमच्याकडे एक पोरगा तीनशे प्रश्नावल्या घेऊन आला होता, पाणीटंचाईवर विषय. गावातल्या एका आजीने म्हणे त्याला विचारलं, "बाळा, मागच्या वर्षी पण एक जण हेच लिहून घेऊन गेला, त्याचं काय झालं?" ते वाक्य थिसिसमध्ये कुठेच नव्हतं, मला त्याने बोलता बोलता सांगितलं. मी म्हटलं अरे हेच घाल की पहिल्या पानावर. म्हणाला, काका, फॉरमॅटमध्ये बसत नाही.

कृषीवाल्यांचं मात्र मला कौतुक आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशा चारही कृषी विद्यापीठांची दरवर्षी जॉइंट ॲग्रेस्को (संशोधनाची संयुक्त बैठक) होते, नवीन वाण असो की शिफारस, तिथे सगळ्यांसमोर मांडायचं आणि दुसऱ्या विद्यापीठांच्या लोकांनी त्याची सालं काढायची. जायच्या आधी ही मंडळी माझ्याकडे रात्री अकरापर्यंत तक्ते बदलत बसतात, एवढा धाक असतो.

आता गावाचं नाव का नाही दिलं ते. साहेब, परीक्षकाचा रिपोर्ट माझ्या दुकानात टाईप झालेला आहे. परीक्षक परगावचा, रिपोर्ट गोपनीय, आणि मजकूर घेऊन आला स्वतः विद्यार्थी, खाली सहीची जागा रिकामी ठेवा म्हणाला. "प्रस्तुत प्रबंध मौलिक असून ज्ञानात मोलाची भर घालणारा आहे." एकदा नाही झालेलं हे, आणि वाक्य दर वेळी तेच, माझ्या कॉम्प्युटरला ते पाठ झालंय. मी तेव्हा पैसे घेतले, हे पण कबूल करतो. मग व्हायवाला (तोंडी परीक्षेला) नियमाने डिपार्टमेंटचे शिक्षक, इतर संशोधक विद्यार्थी कुणीही बसू शकतं, पण बसतं कोण? विद्यार्थ्याचे आईवडील, समोसे, बर्फी, बुके, आणि प्रश्न एकच, "पुढे काय करणार?" थिसिस द्यायच्या आधी पेपर छापायची सक्ती होती तेव्हा तर पैसे भरले की दोन दिवसांत ॲक्सेप्टेडचा मेल यायचा, दोन दिवसांत तर माझं बाइंडिंग पण वाळत नाही. ती सक्ती यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ ला काढली, चांगलं केलं, पण मग वाचणार कोण हा प्रश्न तसाच राहिला. प्लॅजरिझमचं (उचलेगिरी पकडणारं) सॉफ्टवेअर टक्के सांगतं, १० टक्क्यांच्या आत आलं की सगळे निवांत. सॉफ्टवेअर "हे कशावरून?" असं विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की थिसिस जसा शोधगंगावर (थिसिसच्या ऑनलाइन संग्रहात) टाकतात ना, तसे परीक्षकांचे रिपोर्ट पण त्याच्याच शेजारी टाका, नावासकट, आणि विद्यार्थ्याने त्यावर काय दुरुस्ती केली ते पण. ज्याने खरोखर वाचलंय त्याची मेहनत लोकांना दिसेल आणि तेच ते "मौलिक" वाक्य वीस थिसिसना दिलेलं असेल तर ते पण दिसेल. नावं उघड केली तर लोक परखड लिहिणार नाहीत असं मला एका प्राध्यापकांनी ऐकवलं, त्यात तथ्य असेल, मग नाव झाका पण मजकूर तरी टाका. माझा धंदा कमी होईल, होऊ दे.

पत्र लांबलं, आवरतो. काउंटरवर एक मुलगी उभी आहे, तिसऱ्या प्रकरणाची कॉपी घेऊन. गाईडने पानोपान खरडलंय, एके ठिकाणी तर पान पुरलं नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलंय. तोंड पाडून विचारतेय, "काका, किती दिवस लागतील?"

आपला,
एक थिसिस टायपिंगवाला वाचक