सायकल लावायला लोखंडी कमानी तरी द्या

संपादक साहेब, नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वी मी नवीन सायकल घेतली. गिअरची. घरच्यांनी विचारलं की दारात स्कूटर असताना कशाला, पण मला खूप वर्षं घ्यायचीच होती. माझे वडील शुक्रवार पेठेतून रोज खडकीच्या फॅक्टरीत सायकलवर जायचे, हँडलला डबा अडकवून, आणि तेव्हा भोंग्याच्या वेळेला रस्त्यावर नुसत्या सायकलीच सायकली दिसायच्या.

आता आम्ही शाळेतले चार मित्र दर रविवारी सकाळी साडेसहाला कोथरूडहून निघतो, नळस्टॉपवरून प्रभात रोडच्या गल्ल्यांत शिरतो (त्या वेळेला तिथे गाड्या जवळपास नसतात, वर सगळी झाडी, फार बरं वाटतं), मग भांडारकर रोडनी गुडलक चौक आणि तिथून एफसी रोडला फिल्टर कॉफी. आमच्यातल्या एकाला गुडघ्यासाठी डॉक्टरांनीच सायकल सांगितलीय, त्यामुळे तो एकही रविवार चुकवत नाही.

पण चौघं कधीच एका टेबलावर बसत नाही. तिघं आत आणि एक जण बाहेर सायकलींपाशी, पाळीपाळीने. कारण सायकल लावायची कुठे? हॉटेलचा वॉचमन म्हणतो इथे नको, इथे गाड्या लागतात, फुटपाथवर लावली तर चालणाऱ्यांना त्रास, ते मला स्वतःलाच पटत नाही, आणि टू-व्हीलरच्या रांगेत लावली तर कुणीतरी बाईक काढताना ती आडवी पाडतोच. एकदा माझा मागचा गिअर असाच वाकला. या नव्या सायकलींना बऱ्याचदा स्टँडसुद्धा येत नाही, वेगळा बसवून घ्यावा लागतो.

कुणी म्हणेल कुलूप लावा की. जुन्या सायकलीला मागच्या चाकाचं कुलूप पुरायचं कारण ती उचलून न्यायची म्हणजे जड काम. आताच्या सायकली हलक्या, कितीतरी सायकलींचं पुढचं चाक हाताने खटका फिरवला की निघतं. त्यामुळे फ्रेम आणि चाक दोन्ही जमिनीत घट्ट रोवलेल्या कशाला तरी बांधावं लागतं. मग लोक काय करतात, झाडाला साखळी घालतात. एका झाडाला चार-चार सायकली बघितल्यात मी, साल सोलून निघालेली असते.

पूर्वी थिएटर, कॉलेज, मंडई सगळीकडे सायकल स्टँड होते, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि निर्धास्त आत जायचं. ती सोय आपल्याच शहरात होती. २०१७ साली पुण्याचा सायकल आराखडा मंजूर झाला, त्याच सुमारास ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीसुद्धा आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. सायकल ट्रॅकबद्दल तुमच्याकडे बरीच पत्रं येत असतील, ट्रॅकवर लावलेल्या गाड्या आणि टपऱ्या मलाही रोज दिसतात, पण सायकल थांबवल्यावर पुढे काय याबद्दल कुणीच बोलत नाही. माणूस सायकलवर कुठेतरी जायला निघतो ना. बँकेत, भाजी आणायला, मित्रांना भेटायला. तिथे ती सुरक्षित राहणार नसेल तर तो दुसऱ्या दिवशी स्कूटरच काढणार.

मागणी अगदी लहान आहे. उलट्या यू आकाराच्या साध्या लोखंडी कमानी, सिमेंटमध्ये पक्क्या बसवलेल्या. एका कमानीला दोन्ही बाजूंनी एकेक सायकल बांधता येते आणि एका कारच्या जागेत आठ-दहा सायकली आरामात मावतात. छप्पर नको, माणूस नको, वीज नको. फक्त त्या फुटपाथवर नकोत, रस्त्याच्या कडेच्या पार्किंगमधली एका कारची जागा त्यांना द्यावी. सुरुवात गुडलक चौक, बालगंधर्व रंगमंदिर आणि गरवारे कॉलेजचं मेट्रो स्टेशन इथून करता येईल, या तिन्ही ठिकाणी सायकलवाले येतातच.

ज्यांच्याकडे रस्त्यांचं काम आहे त्यांच्यापर्यंत तुमच्या पेपरमधून हे पोचावं म्हणून लिहितोय. नक्की कुठे बसवायच्या ते जागेवर दाखवायला आम्ही चौघं कधीही येऊ, रविवारी सकाळी सातला तर तिथेच असतो.

आपला,
एक सायकलवाला वाचक, कोथरूड