शिशाच्या काचेची भिंगे भंगारात नकोत

महोदय,

दादर परिसरातील एका शाळेने प्रयोगशाळा नवी करताना जुने काचेचे लोलक (प्रिझम) आणि दुर्बिणीची भिंगे ‘शिसे विषारी’ म्हणून भंगारात काढली, याचे फार वाईट वाटले. त्यांतला एक लोलक मी मागून घेतला. हातात धरताच तो साध्या काचेपेक्षा जड लागतो आणि खिडकीतल्या उन्हात भिंतीवर रुंद, ठसठशीत वर्णपट उमटवतो. शिशाच्या ऑक्साइडमुळे या फ्लिंट (म्हणजे शिसेयुक्त) काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, १.६ च्या पुढे जातो (क्राउन, म्हणजे बिनशिशाच्या साध्या भिंगकाचेचा, १.५२ च्या आसपास असतो) आणि रंगांचे अपस्करणही, म्हणजे रंग वेगवेगळे फाकणे, वाढते. याच गुणाचा उपयोग करून, क्राउन काचेच्या बहिर्वक्र भिंगाला फ्लिंटचे अंतर्वक्र भिंग जोडले की प्रतिमेभोवतीची रंगीत किनार जवळजवळ नाहीशी होते. लंडनचे दुर्बीण बनवणारे जॉन डॉलंड यांनी अशा भिंगाचे पेटंट १७५८ मध्ये घेतले. क्ष-किरण कक्षाच्या खिडकीला बसवतात तीही शिशाचीच काच.

शिसे विषारी आहे हे खरेच; परंतु काचेत ते घट्ट बांधलेले असल्याने लोलक हाताळण्यात धोका नाही. धोका आहे तो काच कोरडी घासताना उडणाऱ्या धुळीत. ही काच मऊ असते, तिच्यावर लवकर चरे पडतात आणि आम्लाने डाग उमटतात, म्हणून लिंबू वा व्हिनेगर न लावता ती मऊ सुती कापडाने पुसावी. शाळांनी असे लोलक कृपया जपून ठेवावेत आणि मुलांच्या हाती द्यावेत.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, गिरगाव, मुंबई