दादा, त्या स्पष्ट ‘नाही’बद्दल आभार

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

वाचनालयाची अख्खी दाखल नोंदवही आता डेटाबेसमध्ये आली आहे, बालविभागासकट. फोनवर हे सांगून झालंय, पण आभार चारचौघांत मानावेत म्हणून हे उघड पत्र. नाव छापलेलं तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा नुसतं दादा.

तुमच्याआधी ज्याला ज्याला विचारलं, त्याने काही ना काही डाउनलोड करायला सांगितलं. एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्सप्रेस हे मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर आमच्याकडे होतंच. फुकट आहे, एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे, आणि तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयाचे ग्रंथ, सभासद, देवघेव सगळं धरलं तरी त्याच्या आसपासही जात नाही. अडलं होतं ते एक्सेलच्या जुन्या फायली त्यात नेण्यापाशी, आणि पुढे दर आठवड्याच्या नव्या नोंदी आपोआप जाण्यापाशी. ‘एसएसआयएस लागेल, एसएसडीटी टाका’ हे सगळे सांगत. एसएसआयएस म्हणजे इंटिग्रेशन सर्व्हिसेस, डेटा एकीकडून दुसरीकडे नेणारी सोय; त्या नेण्याच्या पायऱ्या बांधून ‘पॅकेज’ बनवायचं साधन म्हणजे एसएसडीटी. कुठलं आणि कुठून, यावर मात्र दोघांचं जमेना. २००८ च्या आवृत्तीत या साधनाला बीआयडीएस म्हणत, २०१२ मध्ये एसएसडीटी झालं, मग काही काळ एसएसडीटी-बीआय नावाचं वेगळं डाउनलोड होतं, आणि ते ज्याच्या आत चालतं त्या व्हिज्युअल स्टुडिओच्या (प्रोग्रॅम लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) २०१९ च्या आवृत्तीपासून स्वतंत्र इन्स्टॉलरच बंद. ज्याने ज्या वर्षी शिकून घेतलं, त्या वर्षाचं नाव तो ठामपणे सांगतो.

व्हिज्युअल स्टुडिओ कम्युनिटी घेतलं, ‘डेटा स्टोरेज अँड प्रोसेसिंग’वर टिक केली, आमच्या इंटरनेटला घाम फोडून ते उतरलं, आणि नव्या प्रोजेक्टच्या यादीत इंटिग्रेशन सर्व्हिसेस नावालाही नाही. त्यासाठीचं एक्स्टेंशन मार्केटप्लेसवरून वेगळं घ्यावं लागतं, हे तुम्ही सांगितलंत. ते टाकल्यावर प्रोजेक्ट उघडला. दुसरा कोणी असता तर ‘झालं तुमचं काम’ म्हणून फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, “हे पॅकेज दर शनिवारी चालवणार कोण?”

तिथून पुढचं बोलणं मला फार मोलाचं वाटतं. पॅकेज बनवायचं साधन फुकट आहे, व्हिज्युअल स्टुडिओच्या आत ते चालवून बघताही येतं; पण सर्व्हरवर रोजच्या कामाला ते लावायचं तर इंटिग्रेशन सर्व्हिसेस हवं, आणि ते एक्सप्रेसमध्ये येत नाही. वेळ लावून काम करणारा एजंटही एक्सप्रेसमध्ये नाही. म्हणजे मी जे शोधत होते ते आमच्या आवृत्तीत नव्हतंच. “मग डेव्हलपर एडिशन टाका, तेही फुकटच,” असा सल्ला मला मिळाला होता. तुम्ही तो तिथल्या तिथे मोडीत काढलात: ती आवृत्ती बनवायला आणि तपासायला आहे, तिच्यावर रोजची देवघेव चालवणं परवान्यात बसत नाही. आमची अनुदानावर चालणारी संस्था, तपासणीला माणसं येतात. एवढा विचार तुम्ही आमच्या वतीने केलात.

मग पायरी-पायरीने विचारत डेटा आत-बाहेर नेणारा आयात-निर्यातीचा विझार्ड. एक्सप्रेसवर तो चालतो, फक्त पॅकेज जतन करू देत नाही. आमच्या मॅनेजमेंट स्टुडिओतून (डेटाबेस हाताळायच्या प्रोग्रॅममधून) उघडणारा विझार्ड ३२ बिटचा आणि ऑफिस ६४ बिटचं, त्यामुळे एक्सेल निवडलं की ‘एसीई ओएलई डीबी प्रोव्हायडर नोंदवलेला नाही’, म्हणजे एक्सेल वाचणारा ड्रायव्हर सापडत नाही, म्हणून अडून बसायचा. स्टार्ट मेनूतला ६४ बिटचा उघडा म्हणालात, लगेच सुरू झाला.

आणि हिरव्या टिका दाखवून मोकळाही झाला. ओळींचा आकडा जुळला. मी पेढे आणायच्या बेतात होते. तेव्हा तुम्ही म्हणालात, “ओळी मोजू नका, रिकामे मोजा.” दाखल क्रमांकाच्या कॉलममध्ये बालविभागाची सगळी पुस्तकं नल, म्हणजे रिकामी! एक्सेलचा ड्रायव्हर पहिल्या ८ ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवतो. वर साधे आकडे होते, म्हणून त्याने कॉलम आकड्यांचा धरला आणि खालचे ‘बा-४१२’सारखे क्रमांक चूपचाप गाळले. एररचा एक शब्द नाही. हे आपल्याला कधी कळलं असतं? एखादं पोर पुस्तक परत करायला आलं असतं तेव्हा.

शेवटी तुम्ही विझार्डच बाजूला ठेवलात. एक्सेलमधून ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून फाइल काढायची, सगळे कॉलम एनव्हारचार (देवनागरीसकट कुठलाही मजकूर घेणारा प्रकार) असलेल्या कच्च्या टेबलात ‘बल्क इन्सर्ट’ या आज्ञेने ओतायची, फाइल युनिकोड आहे हे सांगणारं ‘वाइडचार’ लिहायला विसरायचं नाही, आणि तिथून तपासून मुख्य टेबलात न्यायची. त्याऐवजी साधं व्हारचार ठेवलं तर लेखकांच्या नावांची प्रश्नचिन्हं कशी होतात, तेही दाखवलंत. या सगळ्या पायऱ्यांची स्क्रिप्ट आता एसक्यूएलसीएमडीच्या (डेटाबेसला आज्ञा देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) बॅच फाइलमध्ये आहे आणि विंडोजचा टास्क शेड्युलर ती शनिवारी रात्री चालवतो. बॅकअपही त्यातच घेतो. उतरवलेल्या जीबींपैकी यात काहीच लागलं नाही, याचं हसू येतं. पण कुणीतरी ‘ते तुम्हाला मिळणार नाही, आणि लागणारही नाही’ असं वेळेवर सांगावं लागतं.

शेजारच्या दोन वाचनालयांनी स्क्रिप्ट मागितली आहे. तुमची हरकत नसेल असं धरून पेन ड्राइव्हवर देते आहे. रिकामे मोजायची क्वेरी सगळ्यात वर ठेवली आहे. सभासद वर्गणीच्या फायली अजून बाकी आहेत. त्यात तारखा तीन तऱ्हांनी लिहिलेल्या आहेत, तेव्हा गणपतीत गावी आलात की तासभर काढून ठेवा. चहा वाचनालयाकडून.

आपली,
वाचनालयाची ग्रंथपाल