गुऱ्हाळ पेटवण्याआधी धुराडं झाडा

संपादक महाशय,

दसरा झाला की आमच्या करवीर-पन्हाळा भागात गुऱ्हाळघरांची डागडुजी सुरू होते. घाण्याला ग्रीस लागतं, काहील घासली जाते. धुराड्याकडं मात्र कुणी मान वर करून बघत नाही. मी गवंडी आहे. चुलवाणं (काहिलीखालच्या भट्ट्या) आणि धुराडी बांधणं हाच माझा धंदा, म्हणून कळकळीनं लिहितो.

जाळ धुमसतोय, धूर चुलवाणाच्या तोंडातनं मागं येतोय, म्हणून मला बोलावणं येतं. मालक म्हणतात, धुराडं आणखी उंच करा. बहुतेक ठिकाणी उंचीचा दोष नसतोच. चिपाडाची (रस काढलेल्या वाळक्या उसाची) राख हलकी; ती जाळाबरोबर उडते आणि काहिलीखालनं धुराड्याकडं जाणाऱ्या वाटेत बसते. ओलं चिपाड घातलं की धूर थंड पडतो आणि विटांना आतनं चिकट काजळी धरते. वाट चोंदली की गरम हवा वर चढत नाही, आणि ती चढल्याशिवाय तोंडातनं नवी हवा आत येत नाही. रस आटायला वेळ लागतो, गूळ काळवंडतो, मग रंग उजळायला हायड्रॉस हे रसायन पडतं. 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाची ही गत बघवत नाही.

त्याहून वाईट हाल चुलवाणात जाळ घालणाऱ्या चुलव्याचे. तो दिवसभर त्या धुरातच बसतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, त्याला वासही नसतो.

चुलवाण पूर्ण गार असताना आधी खालच्या वाटेतली राख ओढावी. मग चुलवाणाच्या तोंडाला ओलं पोतं लावून, दोराला तारेचा ब्रश आणि वजन बांधून वरनं सोडावं आणि खालवर घासावं. नाकातोंडाला फडकं हवंच. पडलेली काजळी, पाखरांची घरटी बुडातनं काढावीत. पावसानं ओलावलेलं धुराडं ओढत नाही. बुडाशी मूठभर वाळकं चिपाड पेटवून ते आधी तापवावं. मग चुलवाणाच्या तोंडाशी पेटता कागद धरावा. ज्योत आत झुकली, तर काम झालं.

जुन्या धुराड्यांना बुडाला दारच नसतं, त्यामुळं ती झाडायची कशी हाच प्रश्न. चार विटा काढून लोखंडी झाकण बसवता येतं, खर्च फार नाही. मालकांनी हे काम हंगामाआधी उरकावं, आणि ते हाती धरताना चुलव्याला जवळ बोलवावं. धूर कुठनं आणि कधीपासून मागं येतोय, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

– एक गवंडी, ता. करवीर, जि. कोल्हापूर