क्लासची फी नको, बाबा

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

परवा बाबा फोनवर म्हणाले ना, परत नोकरीला लागायला प्रोग्रॅमिंगचा चांगला ऑनलाईन क्लास बघ, फी मी भरतो, तेव्हा गॅसवर आमटी उतू जात होती आणि छोटीचं रडगाणं चालू होतं म्हणून बरं बरं म्हणून ठेवला फोन. पण फी नकोय मला. रागवू नका, सगळं सांगते मग ठरवा.

तुम्ही दादाकडे पुण्याला गेल्यापासून मी दर रविवारी सोलापूरचं साखर पेठेतलं घर उघडून झाडून घेते (पाण्याची पाळी आली की टाकीपण भरते, आई काळजी करू नको). त्यात माडीवरची ट्रंक उघडली. बाबांचे डिझाईनचे ग्राफ पेपर, गुंडाळ्या करून सुतळीनं बांधलेले, मोर, कमळ, ते एक वेलबुट्टीचं मोठं किनारीचं, आणि खाली दोऱ्यानं ओवलेली जकार्ड मागाची भोकं पाडलेली पंच कार्डं. कॉलेजात आम्हाला शिकवलेलं की फ्रान्समध्ये जकार्डनं 1804 ला असा कार्डांच्या भोकांवरून नक्षी विणणारा माग केला आणि पुढे बॅबेजनं आपल्या गणिती यंत्रासाठी कार्डांची कल्पना तिथूनच उचलली. तेव्हा वर्गात सगळे आ वासून ऐकत होते आणि माझ्या डोक्यात एकच, आमच्या माडीवर पोतंभर पडलीयेत की ही.

तर तेच प्रोजेक्ट घेतलंय. पेपरचा मोबाईलवर फोटो काढायचा, प्रोग्रॅमनं त्याचे चौकोन ओळखायचे, भरलेला चौकोन म्हणजे धागा वर म्हणजे कार्डाला भोक, रिकामा म्हणजे भोक नाही, आणि एकेका आडव्या ओळीचं एकेक कार्ड स्क्रीनवर काढून दाखवायचं. ऐकायला सोपंय. पण तुमच्या पेन्सिलीचा रंग उडालाय, कागदाला घड्या पडल्यात, फोटोत एका कोपऱ्याला सावली येते आणि प्रोग्रॅमला ती सावली भरलेला चौकोन वाटते. एवढ्या एका सावलीपायी मी फोटोवर काम करायच्या दोन नव्या लायब्रऱ्या (म्हणजे तयार कोडचे संच) शिकले. क्लासमध्ये हे येत नाही हो, तिथं सगळ्यांना तेच पुस्तकांच्या लायब्ररीचं मॅनेजमेंट, तीच टू-डू लिस्ट, फोटोपण त्यांनीच दिलेले स्वच्छ, आणि शेवटी सगळ्यांकडे एकसारखं सर्टिफिकेट.

मी नोकरी सोडली तेव्हा ऑफिसात पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या 2 नंबरच्या आवृत्तीवर काम चालायचं. त्याचा सपोर्ट 1 जानेवारी 2020 ला बंद झाला, आता सगळं 3 वर. वाचून फरक कळतो, पण अंगवळणी पडत नाही. बाबा, तुम्हाला पटेल असं सांगते. समजा इंचाला ताण्याचे उभे 40 धागे आणि बाण्याचे आडवे 32. चौकोनी पेपरवर गोल काढला तर कापडावर तो उभट होणार, म्हणून 40 ला 32 नं भागून तेवढी दुरुस्ती करावी लागते. जुन्या पायथनमध्ये हे भागलं की उत्तर यायचं 1, अपूर्णांक सरळ गायब, म्हणजे दुरुस्तीच नाही. नव्यात 1.25 येतं. हा फरक मी आता जन्मात विसरत नाही, कारण मोराच्या पिसाऱ्यातले डोळे स्क्रीनवर गोल दिसले की नाही यावर तो कळला.

एआयला विचारलं की तयार कोड मिळतो, जावई रोज तेच म्हणतात. विचारते मी, पण आधी स्वतः लिहून बघते, नाहीतर हातात काय राहणार? आणि गोल उभट होतो हे त्याला आपण होऊन सुचलं नाही, सांगितल्यावर मात्र लगेच हो म्हणाला.

यानं नोकरी मिळेलच असं नाही हं आई, शेजारी सांगत सुटू नकोस. टीममध्ये काम करायची सवय एकटीनं माडीवर बसून येत नाही, ती जॉईन झाल्यावरच. आणि आपलंच प्रोजेक्ट असलं की कंटाळवाणा भाग टाळायची खोड लागते, प्रोग्रॅम नीट चालतो का ते तपासणाऱ्या टेस्ट लिहायच्या मी टाळतच होते, आता ठरवलंय टेस्ट झाल्याशिवाय नवीन काही जोडायचं नाही. रोजचं काम गिटहबवर (कोड ठेवायची साईट) चढवते, काय बदललं, का बदललं, ओळभर टीप लिहून. मधल्या वर्षांत काय केलं असं कुणी विचारलं तर दाखवायला ते आहे, आणि मुख्य म्हणजे बोलायला आहे.

आता बाबा, तुमच्याकडून काम. मोराच्या पेपरवर कडेला लाल पेन्सिलीच्या फुल्या आहेत, काही ठिकाणी दोन-दोन. धागा फार लांब सुटा राहतो तिथं बांध द्यायच्या त्या खुणा का? तसं असेल तर किती धाग्यांच्या पुढे लांब धरायचं, चादरीला किती आणि टॉवेलला किती, हे सांगा, म्हणजे प्रोग्रॅम आपोआप ती जागा दाखवेल. आणि दोन फुल्या कशाला ते मला अजिबात कळलं नाही. रविवारी अकराला व्हिडिओ कॉल लावते, चष्मा जवळ ठेवा, दादाला मोठ्या स्क्रीनवर लावून द्यायला सांगा.

फीचे पैसे पाठवायचेच असतील तर आईच्या गुडघ्याच्या फिजिओला द्या, ती परस्पर बंद करायच्या बेतात आहे असं वहिनी म्हणाली. शेंगाची चटणी हुतात्मा एक्सप्रेसनं येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवते.

तुमची,
ताई